हॉटेल कामगारांचे समाधान : वेतन आणि नेतृत्व

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी माणसाने ‘हॉटेल’ हा शब्द फार ऐसपैस करून टाकला आहे. नाक्यावरची चहाची टपरी हेही हॉटेल, संगमरवरी टेबलांचे इराण्याचे दुकानही हॉटेल, उडप्याचे उपाहारगृहही हॉटेल आणि समुद्राकडे तोंड करून उभा असलेला पंचतारांकित प्रासादही हॉटेलच. शब्दाच्या या ऐसपैसपणात एक सत्य दडलेले आहे. या ठिकाणचे पदार्थ वेगळे, दर वेगळे, गिऱ्हाईक वेगळे. परंतु पहाटे भट्टी पेटवणारा, मोरीवर कपबशा विसळणारा, टेबलावर फडके मारणारा आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे पाहत तिष्ठत उभा राहणारा माणूस सर्वत्र एकाच वर्गाचा आहे. तो समाधानी आहे काय, त्याच्या समाधानाचा त्याच्या कामाशी संबंध कोणता, आणि त्या दोहोंचा त्याच्या पगाराशी व त्याच्यावर हुकमत चालवणाऱ्याशी संबंध कोणता, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

गिरणी, गोदी आणि रेल्वे यांच्या लढ्यांच्या कथा कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतात. हॉटेल कामगार मात्र चळवळीच्या वहीत समासात राहिला. वास्तविक समाजवादी चळवळीचे या कामगाराशी नाते जुने आहे. धर्मगुरू होण्याचे शिक्षण सोडून बाहेर पडलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी १९४९ च्या सुमारास मंगळूरमध्ये ज्यांच्यात पहिले काम केले, त्यांत मोटार वाहतुकीतील कामगारांबरोबर हॉटेलांतील कामगार होते. पुढे ते मुंबईत आले, गोदी कामगारांचे नेते पी. डिमेलो यांच्या तालमीत तयार झाले, आणि येथेही हॉटेल कामगारांना त्यांनी संघटनेच्या कक्षेत आणले. मुंबईच्या हॉटेलांत तेव्हा दक्षिण कानडा जिल्ह्यातून आलेली मुले मोठ्या संख्येने राबत. दिवसभर टेबले पुसावीत आणि रात्री कन्नड रात्रशाळेत पाटी-पुस्तक घेऊन बसावे, असा त्यांतील अनेकांचा दिनक्रम असे. त्या पिढीला संघटना ठाऊक होती. आज त्या टेबलांशी उत्तर प्रदेशाचा, ओडिशाचा, बंगालचा, नेपाळचा तरुण उभा आहे, आणि त्याला संघटना म्हणजे काय हे सांगायला बहुधा कोणी गेलेले नाही.

त्याच्यापर्यंत संघटना पोहोचली नसली तरी व्यवस्थापनशास्त्र पोहोचले आहे. या शास्त्राच्या महाविद्यालयांतून हॉटेल कर्मचाऱ्यांचे समाधान या विषयावर पुष्कळ प्रबंध लिहिले जातात. पद्धत ठरलेली असते. कर्मचाऱ्यांच्या हाती प्रश्नावली दिली जाते : वरिष्ठ आपल्याला प्रेरणा देतात काय? मिळणाऱ्या मोबदल्याने आपण समाधानी आहात काय? उत्तरादाखल एक ते पाच या आकड्यांपैकी एकावर खूण करावयाची. मग आकडेमोड होते आणि निष्कर्ष निघतो, की चांगले नेतृत्व व पुरेसा मोबदला यांनी समाधान वाढते आणि समाधान वाढले की काम सुधारते. हा निष्कर्ष खोटा नाही. तो सांगायला प्रबंध लागावा याचे मात्र नवल वाटते. प्रश्नावली वाटणारा आणि रजा मंजूर करणारा एकाच दारातून आत येत असेल, तर तीनच्या खाली खूण करण्याचे धाडस किती जण करतील, हाही विचार व्हायला हवा.

पण खरी उणीव याहून खोल आहे. या अभ्यासांत नेतृत्व म्हणजे वरून येणारी गोष्ट असे आधीच गृहीत धरलेले असते आणि वेतन म्हणजे औषधाची मात्रा समजली जाते : किती दिली असता रोगी उठून कामाला लागेल, एवढाच हिशेब. नेता कोणी निवडावा आणि वेतन कोणी ठरवावे, हे दोन प्रश्न त्या प्रश्नावलीत कधीच नसतात. समाजवादी कार्यकर्त्याचे काम नेमके तेथून सुरू होते. वेतन आणि नेतृत्व ही दोन वेगळी औषधे नाहीत. दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, आणि तो सत्तेचा आहे.

पगार कशाला म्हणायचे?

‘माणूस केवळ पैशासाठी काम करीत नाही’ हे वाक्य मालकवर्गाच्या फार आवडीचे आहे. त्याला शास्त्राधार म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांचे नाव घेतले जाते. हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे मांडले, की असमाधान दूर करणाऱ्या गोष्टी आणि खरे समाधान देणाऱ्या गोष्टी निराळ्या असतात. पगार, कामाच्या जागेची स्थिती, देखरेख या पहिल्या प्रकारात येतात, तर कामातील सिद्धी, कदर, जबाबदारी या दुसऱ्या प्रकारात. परंतु हा अभ्यास पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवर उभा होता. ज्यांच्या चुलीची चिंता मिटलेली आहे त्यांच्या मुलाखतींवरून मोरीवर भांडी घासणाऱ्याच्या मनाचा ठाव घेणे म्हणजे बंगल्याचा नकाशा पाहून झोपडीची डागडुजी करणे होय. शिवाय, अपुऱ्या पगाराने माणूस असमाधानी होतो हे हर्झबर्ग यांनी नाकारलेले नाही. त्यांच्या मांडणीचा अर्धा भाग तेवढा उचलायचा आणि कौतुकाच्या प्रमाणपत्रावर कामगाराची बोळवण करायची, ही करामत इतरांची आहे.

हॉटेलातील पगार हा गिरणीतल्या पगारासारखा एका ओळीत लिहिता येत नाही. लहान हॉटेलात ‘राहून-जेवून’ अमुक इतके, असा बोलीचा करार असतो. म्हणजे रोख पगाराचा एक हिस्सा उरलेल्या भाजीच्या रूपाने ताटात पडतो आणि दुसरा हिस्सा, रात्री दुकान बंद झाल्यावर टेबले सरकवून केलेल्या झोपण्याच्या जागेच्या रूपाने मिळतो. किमान वेतन रोखीने द्यावे हा १९४८ च्या किमान वेतन कायद्याचा मूळ नियम होता. तो कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कायद्याचे नाव बदलले. टेबलाखाली गुंडाळून ठेवलेली वळकटी बदललेली नाही. जो कामाच्या जागीच झोपतो त्याचा कामाचा दिवस कधी संपतो हे ठरवणे अवघड असते. रात्री उशिरा आलेल्या ट्रकमधून पोती उतरवायला त्यालाच उठवले जाते, आणि त्या तासाची नोंद कोठेही होत नाही.

पगाराचा तिसरा हिस्सा म्हणजे टिप, जुन्या भाषेत बक्षिसी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये प्राप्तिकराच्या एका प्रकरणात असा निर्णय दिला, की गिऱ्हाइकाने दिलेली आणि मालकामार्फत वाटली गेलेली टिप हा पगार ठरत नाही. कारण ती नोकरीच्या करारातून निर्माण होत नाही, गिऱ्हाइकाच्या मर्जीतून निर्माण होते. करापुरते ते कामगारांना सोयीचे असेल. पण त्यातील तर्क ध्यानी घेण्याजोगा आहे. जी रक्कम मर्जीतून येते तिच्यावर मालकाकडे हक्क सांगता येत नाही. ग्रॅच्युइटीचा हिशेब पगारावर होतो, टिपेवर होत नाही. तरुणपणी ज्या रकमेवर घर चालले ती रक्कम म्हातारपणी जणू कधी मिळालीच नव्हती. आणि टिप मिळते ती टेबलाशी उभ्या असणाऱ्याला. भटारखान्यात धुरात उभ्या असलेल्या आचाऱ्याला आणि मोरीवरच्या पोऱ्याला तिचा वाटा मिळेलच असे नाही. एकाच छताखाली काम करणाऱ्यांत अशी फूट पाडायला मालकाला वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत.

सेवाशुल्काच्या वादाने हे सारे उजेडात आणले. बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढली. उपाहारगृहचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती तत्त्वे उचलून धरली. या शुल्काचा लाभ कर्मचाऱ्यांना मिळतो, असा मालकांच्या बाजूचा एक युक्तिवाद होता. तो खरा मानला, तरी प्रश्न उरतो : जे कामगाराला द्यायचेच आहे ते पदार्थाच्या किमतीत धरून पगाराच्या वहीत का लिहिले जात नाही? वाद ग्राहक आणि मालक यांच्यात रंगला, आणि ज्याच्या नावाने तो झाला तो हातात ताटे घेऊन उभा राहिला.

चौथा प्रकार उचलीचा. बहिणीच्या लग्नासाठी, आईच्या औषधासाठी मालक आगाऊ रक्कम देतो. त्या क्षणी ती माणुसकीच असते, हे नाकारू नये. परंतु अंगावर उचल असलेला माणूस नोकरी सोडू शकत नाही, पगार मागे राहिला तर बोलू शकत नाही आणि संघटनेच्या सभेला येताना दहादा मागे वळून पाहतो. पुढे येणाऱ्या नेतृत्वाच्या प्रश्नाची नाळ येथे पगाराच्या प्रश्नाशी जोडलेली आहे.

गल्ल्यावरचा माणूस

लहान हॉटेलात नेता म्हणजे गल्ल्यावर बसलेला माणूस. तो बहुधा कामगाराच्याच गावचा, त्याच्याच भाषेचा, कधी नात्यातला. अनेकदा तो स्वतःही कधीकाळी पोऱ्या म्हणून याच शहरात आलेला असतो. ‘मीही कपबशा विसळल्या’ हे त्याचे वाक्य खोटे नसते. या वाक्याची शक्ती कार्यकर्त्यांनी कमी लेखू नये. आज ना उद्या आपलेही हॉटेल होईल ही आशा कमी पगाराची भरपाई करते, आणि ती आशा ज्याच्याकडे पाहून मनात धरली त्याच्याविरुद्ध तक्रार करणे म्हणजे स्वतःच्या स्वप्नाविरुद्ध तक्रार करणे होऊन बसते. काहींचे ते स्वप्न खरे झाले. पण दहा-वीस पोऱ्यांच्या श्रमावर एक हॉटेल उभे राहते, या साध्या गणिताने बाकीच्यांचे भवितव्य आधीच ठरलेले असते.

‘हॉटेल म्हणजे एक कुटुंब’ या घोषणेची कसोटी २०२० मध्ये लागली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली आणि हॉटेलांची दारे बंद झाली. टाळेबंदीच्या काळात कामगारांना कपात न करता वेतन द्यावे, असा आदेश केंद्रीय गृहमंत्रालयाने २९ मार्चला काढला. मालकांनी त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १८ मेपासून तो आदेश मागे घेतला गेला, आणि १२ जूनला न्यायालयाने सक्तीची कारवाई न करता उभयपक्षी वाटाघाटी कराव्यात अशी दिशा दाखवली. ज्याच्याजवळ संघटना नाही त्याने वाटाघाटी कोणाच्या जिवावर कराव्यात? ज्या मालकांनी त्या दिवसांत आपली माणसे जगवली त्यांचा आदर केलाच पाहिजे. पण असंख्य कामगार डोक्यावर बोचके घेऊन गावाच्या वाटेला लागले, तेव्हा त्या कुटुंबात मुलगा कोण आणि गडी कोण हे स्पष्ट झाले.

मोठ्या हॉटेलांतील नेतृत्व निराळ्या जातीचे असते. तेथे गल्ला दिसत नाही; कॅप्टन, स्टुअर्ड, व्यवस्थापक अशी उतरंड दिसते. तेथे कामगाराच्या हातापायांबरोबर त्याचे हसूही विकत घेतले जाते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात विमानातील सेविकांच्या निमित्ताने या श्रमाचा अभ्यास केला आणि भावनांचे हे श्रम असतात असे दाखवून दिले. घरी मूल तापाने फणफणलेले असताना चेहऱ्यावर प्रसन्नता बाळगणे हे काम आहे, त्याने माणूस थकतो, आणि या थकव्याची मोजणी कोणत्याही वेतनपत्रकात होत नाही.

या उद्योगातील नेतृत्वाचा सर्वांत सूक्ष्म अभ्यास विल्यम फूट व्हाइट या समाजशास्त्रज्ञाने केला. त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकागोतील उपाहारगृहे हे त्यांचे कार्यक्षेत्र होते. गर्दीच्या वेळी सेविकांना रडू कोसळते, हे त्यांच्या नजरेस आले. कारणे शोधता असे दिसले, की सेविका दोन दाबांमध्ये सापडते : इकडे गिऱ्हाईक घाई करते आणि तिकडे स्वयंपाकी तिचा हुकूम घेण्यास नाखूश असतो, कारण हुद्द्याने तो स्वतःला वरचा समजतो. काही ठिकाणी तोंडी मागणीऐवजी चिठ्ठी लिहून खिळ्याला अडकवण्याची पद्धत आली आणि भांडणे कमी झाली. स्वयंपाक्याला आता कोणाचा हुकूम ऐकावा लागत नव्हता, तो चिठ्ठी पाहून काम करीत होता. स्वभाव कोणाचेच बदलले नव्हते. कामाची मांडणी बदलली होती. तसेच, ज्या सेविका गिऱ्हाइकाच्या मागे धावण्याऐवजी प्रसंगाचा ताबा स्वतःकडे घेत, त्यांच्यावर रडण्याची पाळी कमी येई. नेतृत्व हे केवळ साहेबाच्या खोलीत नसते, ते टेबलाशी उभ्या असलेल्या व्यक्तीतही असते आणि तिला वाव दिला तर काम सुधारते, हा या निरीक्षणाचा अर्थ आहे.

मुंबईने याची विलक्षण प्रचीती २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री घेतली. ताजमहाल हॉटेलवर दहशतवाद्यांचा हल्ला झाला, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना लपवले, वाट काढून बाहेर नेले आणि त्यांतील काहींनी प्राण गमावले. पळून जाण्याची संधी असूनही अनेक जण थांबले; थांबण्याचा हुकूम कोणी दिला नव्हता. रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी २०११ मध्ये या घटनेचे विश्लेषण केले. लहान शहरांतून केलेली निवड, दीर्घ प्रशिक्षण, पाहुण्याच्या हिताचा निर्णय स्वतः घेण्याची दिलेली मुभा आणि वेळच्या वेळी केलेली कदर, ही कारणे त्यांनी सांगितली. समाजवाद्यांनी हे विश्लेषण झिडकारू नये. कदर आणि विश्वास यांनी माणूस उंच होतो, हे खरे आहे. मात्र त्यातून निघणारा पुढचा प्रश्नही विचारावा. संकटाच्या रात्री ज्यांच्या निर्णयबुद्धीवर शेकडो जीव सोपवता येतात, त्यांच्या निर्णयबुद्धीवर पाळ्यांचे वेळापत्रक, टिपेची वाटणी किंवा वार्षिक हिशेब का सोपवता येऊ नये? हॉटेल उद्योगात कामगाराला निर्णयाची मुभा मिळते ती उसनी असते. देणारा ती केव्हाही परत घेऊ शकतो.

उसनी सत्ता आणि स्वतःची सत्ता

ही सत्ता उसनी न राहता कामगारांच्या मालकीची झाली तर काय होते, याचे उत्तर भारतात प्रत्यक्ष घडलेले आहे, आणि त्याचा आरंभबिंदू योगायोगाने मुंबईतच आहे. कॉफीचा खप वाढावा म्हणून कॉफी सेस कमिटीने १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेट येथे पहिले इंडिया कॉफी हाऊस उघडले. पुढे ही उपाहारगृहे कॉफी बोर्डाकडे आली आणि देशभर पसरली. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर बोर्डाने धोरण बदलले, कॉफी हाऊसेस बंद करण्याचे ठरवले आणि कामगारांवर बेकारीची कुऱ्हाड कोसळली. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी कामगारांपुढे असा मार्ग ठेवला, की नोकरी मागत बसण्यापेक्षा सहकारी संस्था काढून कॉफी हाऊस स्वतःच चालवावे. समाजवाद्यांचे कम्युनिस्टांशी कितीही मतभेद असोत, या एका सल्ल्यासाठी त्यांना श्रेय दिलेच पाहिजे. १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळूरमध्ये कामगारांची पहिली संस्था स्थापन झाली; २७ ऑक्टोबरला दिल्लीत ‘इंडियन कॉफी हाऊस’ सुरू झाले; ८ मार्च १९५८ रोजी केरळात त्रिचूरला पहिले दार उघडले. डोक्यावर तुऱ्याचा फेटा घातलेला तेथील वाढपी हा त्या दुकानाचा नोकर होता, आणि संस्थेचा सभासदही होता.

या प्रयोगात वेतन आणि नेतृत्व यांचे नाते बदलले. सर्वसाधारण सभेत हिशेब मांडला जातो, संचालक निवडून दिले जातात, आणि ज्याने निवडून दिले त्याच्यापुढे व्यवस्थापकाला उत्तर द्यावे लागते. व्यवस्थापक रागीट असेल, चुकीचाही असेल. परंतु तो आकाशातून पडलेला नसतो. पगार कमी असला तर तो का कमी आहे हे वहीत पाहता येते. पगार पुरेसा आहे काय आणि तो न्याय्य आहे काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर बाजारभावावर अवलंबून असते. दुसऱ्याचे उत्तर, तो ठरवण्यात कामगाराचा आवाज होता की नव्हता यावर अवलंबून असते. कपभर कॉफी घेऊन तासन्‌तास बसणाऱ्या विद्यार्थ्याला, लेखकाला, राजकीय कार्यकर्त्याला तेथे कोणी उठवीत नसे, ही कॉफी हाऊसची कीर्ती याच वातावरणातून आली असावी. ज्याला स्वतःला कोणी हुसकावणार नाही, तो दुसऱ्याला हुसकावण्याची घाई करीत नाही.

अर्थात या प्रयोगाची पूजा बांधू नये. काही शाखा तोट्यात गेल्या, काही बंद पडल्या. केरळातील कॉफी हाऊसेसमध्ये कित्येक दशके स्त्रियांना कामावर घेतले जात नव्हते; कामगारांची सत्ता म्हणजे आपोआप सर्व श्रमिकांची समता नव्हे, याचा हा बोचरा पुरावा आहे. कोणत्याही सहकारी संस्थेत सभासद कामगार आणि सभासदत्व नसलेले हंगामी कामगार असे दोन थर पडले, की जुनीच उतरंड नव्या नावाने उभी राहते. महाराष्ट्राला तर सहकाराचा संस्थानिक कसा होतो हे वेगळे सांगायला नको. तरीही खासगी मालकाला नको झालेला किंवा सरकारने टाकून दिलेला धंदा वाढप्यांनी आणि आचाऱ्यांनी सहा-सात दशके चालवून दाखवला, ही वस्तुस्थिती कोणत्याही प्रश्नावलीहून अधिक बोलकी आहे.

कायदा आणि संघटना

प्रत्येक हॉटेल उद्या सहकारी होणार नाही, हे उघड आहे. मग आज काय करावयाचे? विखुरलेल्या धंद्यात केवळ संघटनेच्या बळावर वेतन वाढत नाही, हे अर्नेस्ट बेव्हिन या कसलेल्या कामगार नेत्याने ब्रिटनमध्ये ओळखले होते. युद्धकाळात कामगारमंत्री असताना त्यांनी १९४३ मध्ये, हुजूर पक्षाच्या अनेक सभासदांचा विरोध पत्करून, हॉटेल व उपाहारगृह कामगारांच्या वेतनासाठी वेगळा कायदा संमत करून घेतला. ज्या धंद्यात कामगार पाच-पाच, दहा-दहांनी विखुरलेला असतो तेथे राज्यसंस्थेने त्याच्या पाठीशी उभे राहावे लागते, हे त्यामागचे तत्त्व.

महाराष्ट्रात वाटचाल उलट्या दिशेने झाली आहे. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने लहान उपाहारगृहांनाही आपल्या कक्षेत घेतले होते. त्याची जागा घेणारा २०१७ चा कायदा मुख्यतः १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू करण्यात आला, आणि २०२५ मध्ये ही मर्यादा २० वर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. व्यवसायसुलभता या गोंडस नावाखाली हे होत आहे. चौदा वर्षांखालील मुलांना ढाबे, हॉटेले व चहाच्या दुकानांत कामावर ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. बंदी योग्यच होती. पण ती अमलात आणायला निरीक्षक दुकानाच्या आत जावा लागतो. कायद्याचा उंबरठा जितका वर न्यावा, तितके अधिक कामगार त्याच्या बाहेर राहतात.

म्हणून काही कामे कार्यकर्त्यांनी लगेच हाती घेण्यासारखी आहेत. संघटना एकेका हॉटेलाची न करता एकेका रस्त्याची, एकेका नाक्याची करावी. सहा कामगारांच्या हॉटेलात संघटना टिकत नाही, साठ हॉटेलांच्या रस्त्यावर टिकते. पहिली मागणी पगारवाढीची असण्यापेक्षा लेखी नेमणूकपत्र, हजेरीची नोंद आणि पगाराची पावती यांची असावी, कारण ज्याची नोंद नाही त्याची वाढ मागता येत नाही. आठवड्याची सुटी ही दुसरी मागणी. टिप आणि सेवेपोटी मिळणारी प्रत्येक रक्कम कामगारांनी निवडलेल्या समितीमार्फत, मोरीवरच्या कामगारासह सर्वांत, वहीत लिहून वाटली जावी ही तिसरी. ही समिती दिसायला लहान गोष्ट आहे. परंतु स्वतःच्या मिळकतीबाबत निर्णय घेण्याचा आणि सहकाऱ्यांपुढे हिशेब देण्याचा पहिला धडा कामगार तेथेच शिकेल. सभा त्याच्या वेळेला घ्यावी, म्हणजे रात्री दुकानाची फळी पडल्यावर. आणि त्याच्या भाषेत बोलावे. ओडिया किंवा नेपाळी बोलणाऱ्या कामगारापुढे अस्खलित मराठी भाषण करून परतणाऱ्या कार्यकर्त्याने सभा घेतली असे म्हणता येणार नाही.

आणि शेवटी, नेतृत्वाबद्दल जे मालकाला विचारले ते संघटनेलाही विचारले पाहिजे. कामगार संघटनेचा पुढारी मोटारीतून येतो, बंद खोलीत करारावर सही करतो, बाहेर येऊन आकडा जाहीर करतो आणि कामगार टाळ्या वाजवतो. हे दृश्य अनोळखी नाही. त्या आकड्याने पगार वाढतो, पण कामगार होता तेथेच राहतो, फक्त त्याचा साहेब बदलतो. अशा संघटनेचा पुढारी गेला की संघटनाही जाते, याचा अनुभव अनेक शहरांनी घेतला आहे. मोरीवरचा पोऱ्या, टेबलावरचा वाढपी आणि भट्टीवरचा आचारी यांच्यातून जोवर चिटणीस आणि अध्यक्ष उभे राहत नाहीत, तोवर पगारवाढीची प्रत्येक लढाई दुसऱ्याच्या मर्जीवरची लढाई राहील, आणि मर्जीवर मिळालेली गोष्ट टिपेसारखीच असते : आज आहे, उद्या नाही.

समाधानी कामगार चांगले काम करतो, हे मालकाला पटलेले सत्य आहे. चांगले काम करणाऱ्या कामगाराला आपल्या कामाविषयी आणि आपल्या मोलाविषयी बोलण्याचा हक्क मिळाला, तरच त्याचे समाधान टिकते, हे सत्य त्याला पटवून देणे बाकी आहे. ते प्रबंधाने पटणार नाही. रस्त्या-रस्त्यावरच्या संघटनेनेच पटेल.